पदव्युत्तर परिचारिका : शिक्षण मोठे, अधिकार तोकडे

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ रोजी देशभर लागू झाला. त्यातील कलम ९५ अन्वये भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याविना विद्युत आघात उपचार करण्यास मनाई करण्यात आली. सर्वसामान्यांमध्ये 'शॉक' म्हणून ओळखला जाणारा हा उपचार त्यापूर्वी देशातील अनेक ठिकाणी भुलेविनाच दिला जात असे. रुग्णाचे हातपाय धरून ठेवायचे आणि झटका द्यायचा, ही पद्धत केवळ अमानुष नव्हती. तीत हाडे मोडण्याचा धोकाही होता. त्यामुळे कायद्याने घातलेली बंदी रास्तच म्हणावी लागेल. मात्र या बंदीने एक व्यावहारिक प्रश्न निर्माण केला. मनोरुग्णालयात भूल कोणी द्यायची आणि ती उतरेपर्यंत रुग्णाच्या उशाशी कोणी थांबायचे?

भूल देण्याचे काम भूलतज्ज्ञाचे, याविषयी भारतात मतभेद नाहीत. उशाशी थांबणारी व्यक्ती मात्र बहुधा परिचारिकाच असते. उपचारापूर्वी रुग्ण उपाशी आहे याची खातरजमा करणे, कवळी काढून ठेवणे, संमतिपत्र तपासणे, घाबरलेल्या माणसाला धीर देणे ही कामे तिची. शिथिलीकरणाच्या औषधाने काही मिनिटे रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो. तेवढा वेळ त्याला मास्क आणि पिशवीच्या साहाय्याने प्राणवायू द्यावा लागतो. शुद्धीवर येताना तो गोंधळलेला असतो, आपण कोठे आहोत हे त्याला आठवत नाही, क्वचित तो आक्रमकही होतो. म्हणजे त्या अर्ध्या तासात परिचारिकेला श्वासनलिकेचेही ज्ञान हवे आणि मनाचेही. नर्सिंगच्या पदव्युत्तर शिक्षणाची खरी परीक्षा अशा ठिकाणी होते.

भारतीय परिचर्या परिषदेने आखलेला एम.एस्सी. नर्सिंग हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. परिचर्या-शिक्षण, प्रगत परिचर्या, संशोधन व संख्याशास्त्र आणि व्यवस्थापन हे विषय सर्वांना सक्तीचे असतात. त्याखेरीज विद्यार्थिनी एक विशेष शाखा निवडते. मानसिक आरोग्य परिचर्या ही त्यांपैकी एक. भूलशास्त्राची स्वतंत्र शाखा मात्र नाही. मनोविकार शिकणाऱ्या परिचारिकेला विद्युत आघात उपचार पुस्तकात भेटतो. परंतु श्वासमार्ग मोकळा ठेवण्याचे कौशल्य ज्या शस्त्रक्रियागृहात अंगवळणी पडते, ते दुसऱ्या शाखेच्या वाट्याला गेलेले असते. रुग्ण एक असला तरी त्याचे शिक्षण दोन कप्प्यांत विभागले गेले आहे.

अमेरिकेत ही विभागणी वेगळ्या रीतीने सुटली. तेथे परिचारिका एकोणिसाव्या शतकापासून भूल देत आल्या आहेत आणि त्यांची राष्ट्रीय संघटना १९३१ मध्ये स्थापन झाली. आज भूल-परिचारिका होण्यासाठी अतिदक्षता विभागातील किमान एका वर्षाचा अनुभव आणि त्यानंतर डॉक्टरेट पातळीचे शिक्षण अनिवार्य आहे. प्रगत शरीरक्रियाशास्त्र, प्रगत औषधशास्त्र व प्रगत रुग्णतपासणी हा त्या शिक्षणाचा पाया असून पदवीपूर्वी किमान ६०० रुग्णांना भूल देण्याचा अनुभव घ्यावा लागतो. मानसिक आरोग्याच्या शाखेतही हाच पाया आहे. त्यामुळे दोन परिचारिकांच्या वाटा पुढे भिन्न झाल्या, तरी औषधाची मात्रा आणि नाडीचे ठोके यांविषयी त्या एकाच भाषेत बोलू शकतात. तेथेही वाद आहेतच. २००१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना डॉक्टरांच्या देखरेखीच्या अटीतून बाहेर पडण्याची मुभा दिली, तेव्हापासून डॉक्टर आणि भूल-परिचारिका यांच्या संघटना परस्परांविरुद्ध उभ्या ठाकल्या आहेत. फ्रान्सने मधला मार्ग काढला. तेथील भूल-परिचारिका दोन वर्षांचे विशेष शिक्षण घेते, परंतु भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच काम करते.

भारताने भूलतज्ज्ञांची उणीव भरून काढण्यासाठी तिसरीच वाट धरली. ग्रामीण भागात सिझेरियनसाठी भूल देता यावी म्हणून एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचे प्रशिक्षण देण्यात आले. पुढे २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याने भूल-तंत्रज्ञांना मान्यता दिली. डॉक्टर आणि तंत्रज्ञ या दोघांचा विचार झाला. परिचारिका या विचारातून वगळली गेली. परिचारिकांना भूल देण्याचा अधिकार दिल्यास रुग्णाची सुरक्षितता धोक्यात येईल, हा भूलतज्ज्ञांचा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. तथापि भूल देणे आणि भुलेतील रुग्ण सांभाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीविषयी वाद घालता घालता दुसरीच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष झाले आहे.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात कायद्याची गंमत आणखी वेगळी. २०१७ च्या कायद्यात 'मानसिक आरोग्य परिचारिका' या संज्ञेची व्याख्या आहे. तीनुसार मनोविकार परिचर्येची पदविका वा पदवी असलेली परिचारिका जशी पात्र ठरते, तशीच सर्वसाधारण नर्सिंगची पदविका असलेलीही ठरते. मनुष्यबळाची टंचाई पाहता व्याख्या सैल ठेवण्यामागील हेतू समजू शकतो. बेंगळुरूच्या 'निम्हान्स'ने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात विविध मनोविकारांसाठी उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले होते. (त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, ही बाब येथील धोरणकर्त्यांना फारशी खुपल्याचे दिसत नाही.) परंतु दोन वर्षे मनोविकार शिकलेल्या आणि न शिकलेल्या परिचारिकेस कायदा एकाच रांगेत उभे करणार असेल, तर ती दोन वर्षे कोणी आणि कशासाठी खर्चावीत?

त्याचे उत्तर बाजाराने दिले आहे. एम.एस्सी. झालेली परिचारिका प्रायः वॉर्डात परतत नाही. ती नर्सिंग महाविद्यालयात अध्यापिका होते. गेल्या दोन-अडीच दशकांत खासगी नर्सिंग महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली आणि त्यांना मान्यतेसाठी पदव्युत्तर अध्यापक लागतात. शासकीय सेवेत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका ही शिडी मुख्यतः सेवाज्येष्ठतेने चढायची असते. 'विशेषज्ञ परिचारिका' नावाची पायरी तिच्यात ठळकपणे कोठे दिसत नाही. परिणामी ज्या रुग्णासाठी उच्च शिक्षण आखले गेले, त्याच्यापासूनच ते परिचारिकेला दूर नेते.

या तुटलेपणाची छाया संशोधनावरही पडते. एम.एस्सी.साठी प्रबंध सक्तीचा आहे. पण कोणत्याही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हे प्रबंध चाळले, तर एकच साचा पुन्हा पुन्हा भेटतो. निवडक विद्यार्थ्यांना अमुक आजाराविषयी पाठ द्यायचा, आधी व नंतर प्रश्नावली भरून घ्यायची आणि पाठामुळे ज्ञान वाढले असा निष्कर्ष काढायचा. शिकवल्यावर ज्ञान वाढते हे सिद्ध करण्यासाठी संख्याशास्त्राची गरज नाही. मात्र दोष केवळ विद्यार्थिनींचा नव्हे. मुदत अपुरी, मार्गदर्शक मोजके आणि रुग्णालयातील नोंदींना हात लावायची परवानगी मिळवणे जिकिरीचे. तेव्हा सोपा साचा निवडला जाणे स्वाभाविक आहे.

परिस्थिती बदलण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला आहे. परिचर्या परिषदेने २०१६-१७ च्या सुमारास अतिदक्षता परिचर्येसाठी दोन वर्षांचा निवासी 'नर्स प्रॅक्टिशनर' अभ्यासक्रम आणला. प्रगत औषधशास्त्र, विकृतिशास्त्र आणि रुग्णतपासणी हे विषय त्यात आहेत. वर्गापेक्षा वॉर्डावर भर आहे आणि रुग्णालयाच्या ठरलेल्या नियमावलीच्या चौकटीत औषधयोजना करण्याची तयारीही त्यात करून घेतली जाते. अभ्यासक्रम चांगला असला तरी त्या नावाची पदे निर्माण झाल्याविना तो कागदावर राहण्याची भीती आहे. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायदा संमत करून १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी नवी चौकट मांडली. आयोग शिक्षणाचा दर्जा ठरवू शकेल. रुग्णालयात पदे निर्माण करणे मात्र राज्य सरकारांच्याच हाती राहणार आहे.

महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत पदव्युत्तर नर्सिंग शिकवले जाते. भूलतज्ज्ञ उपलब्ध नसल्याने विद्युत आघात उपचार किती वेळा पुढे ढकलावा लागला, उपचारानंतरच्या पहिल्या तासात रुग्णाजवळ कोण होते आणि त्या व्यक्तीने श्वासमार्ग सांभाळण्याचे प्रशिक्षण केव्हा घेतले होते, या तीन प्रश्नांची उत्तरे रुग्णालयाच्या नोंदवह्यांतून मिळू शकतात. एका एम.एस्सी. प्रबंधाच्या मुदतीत बसणारे हे काम आहे. विद्यापीठाने विषयाला आणि आरोग्य विभागाने नोंदी पाहण्यास मंजुरी द्यावयाची आहे.