सुपारीने गाल कडक होतो, हे पेशीला कळतं कसं?

महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी आहे. बातम्या येतात त्या तंबाखूच्या, धाडींच्या, पकडलेल्या टेम्पोंच्या. साधी सुपारी मात्र आपटा असो की पनवेल, टपरीवर सहज मिळते. 'यात तंबाखू कुठे आहे?' म्हणत पोरं ती दिवसभर चघळतात. पण तंबाखूशिवायची सुपारीही कॅन्सरकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2004 मध्येच छापलंय.

सुपारीमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली कोलॅजन साचतं. गाल चामड्यासारखा होतो, तोंड उघडेनासं होतं. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. काहींमध्ये त्याचा पुढे कॅन्सर होतो. यात सुपारीतली रसायनं आहेतच, पण नुसता कडकपणासुद्धा पेशीसाठी एक निरोप असतो.

तो असा पोचतो. पेशीच्या आत प्रोटीनच्या दोऱ्यांचं जाळं असतं. त्यातला अ‍ॅक्टिनचा दोरा जेमतेम 7 नॅनोमीटर जाड. मायोसिन नावाची प्रोटीन-मोटर तो ओढत राहते. म्हणजे आपण गादी दाबून बघतो, तशी पेशी आजूबाजूचा भाग ओढून बघते. तो मऊ असेल तर सरकतो, दोरे ढिले राहतात. कडक असेल तर दोरे ताणतात, त्यांच्या जाड जुड्या बनतात आणि ताण थेट केंद्रकापर्यंत जातो. मग कुठली जनुकं चालू, कुठली बंद, हेच बदलतं. केराटिनचे दोरे निराळे: दुप्पट लांब ताणले तरी सहसा तुटत नाहीत. शॉक अ‍ॅब्सॉर्बरच म्हणा ना.

2006 मध्ये अमेरिकेत एक भन्नाट प्रयोग झाला. मूळ पेशी मऊ जेलवर वाढवल्या तर त्या मज्जापेशींसारख्या व्हायला लागल्या, मध्यम जेलवर स्नायूंसारख्या, कडक जेलवर हाडांसारख्या. मायोसिन बंद पाडलं, तर हा फरकच उरला नाही! त्या टीममधले शामिक सेन आता आयआयटी मुंबईत आहेत. आणि आपट्याच्याच तालुक्यात, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, मिलिंद वैद्य यांच्या प्रयोगशाळेने तोंडाच्या कॅन्सरमध्ये केराटिनचे दोरे कसे बदलतात यावर अनेक वर्षं काम केलंय.

तिखट अचानक जास्त झोंबायला लागलं, तर ती फायब्रोसिसची सुरुवात असू शकते. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघा. मावत नसतील तर लगेच डेंटिस्ट गाठा. साचलेलं कोलॅजन सहसा परत जात नाही, पण सुपारी सोडली तर आणखी साचणं कमी होऊ शकतं.