सुरी घडवणारा मुलगा आणि घरची काळजी

सदर : हुन्नर

फैजपूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा आयटीआयला फिटरचे शिकतो. सुटीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत सुऱ्या बनवायच्या म्हणतो. कानशी आणल्या, एक जुना शेगडाही मिळवला. अब्बांचा मात्र ठाम नकार आहे. ‘सगळे छंद सोडून हाच का? आपल्या पोराच्या हातात सुरी दिसली तर लोक काय म्हणतील, पोलीस काय म्हणतील?’ असे त्यांचे म्हणणे. मुलगा हिरमुसला आहे आणि अम्मी मध्ये अडकली आहे.

अब्बांची काळजी खोटी नाही, आणि मुलाची आवडही वाईट नाही. दोन्ही बाजू सांभाळायच्या तर आधी एक गोष्ट ठरवावी लागेल : सुरी कोणत्या कामासाठी बनवायची? काम ठरले की पात्याची लांबी, धार, मूठ सगळे ठरते, आणि कायद्याचाही बराचसा प्रश्न सुटतो. भाजी चिरायची, फळ कापायचे, मांस साफ करायचे, बागेत केळीची वाळली पाने काढायची, ही कामे आपल्या यावल-रावेर भागात रोजची आहेत. त्यांच्यासाठी बनवली ती सुरी अवजार. नुसती मिरवण्यासाठी बनवली तर मात्र अब्बा म्हणतात तेच खरे.

कायदा काय म्हणतो ते साध्या शब्दांत पाहू. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालची २०१६ ची नियमावली आहे. नियमावलीच्या यादीत तलवार, खंजीर, भाला यांच्याबरोबर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्याही येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे मात्र त्यातून वगळली आहेत. म्हणून स्वयंपाकघरातला सत्तूर रुंद असूनही शस्त्र ठरत नाही. छंद करणाऱ्याने तरीही दोन्ही मापांच्या आतच राहावे. पाच-सहा इंच लांब आणि दीड इंच रुंद पात्यात घरातली बहुतेक कामे होतात. दोन्ही बाजूंना धार असलेले, खंजिरासारखे पाते करूच नये. सणासुदीला पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा हत्यार घेऊन बाहेर फिरणे गुन्हा ठरतो. त्या काळात बनवलेली सुरी घरातच राहू द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हातात सुरी घेऊन रील काढायची नाही. तलवारीने केक कापल्याचे व्हिडिओ टाकून पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढलेल्या तरुणांच्या बातम्या आपण वाचतोच. फोटो काढायचा झाला तर पाटावर ठेवलेल्या सुरीचा काढावा.

राहिला प्रश्न ‘आपल्या पोराने हेच का करावे’ हा. याचे उत्तर आपल्याच आडनावांत आहे. सांगली-कोल्हापूरकडे शिकलगार आडनावाची मुस्लिम कुटुंबे आहेत. अरबीत ‘सैकल’ म्हणजे घासून चकाकी आणणे. त्याला फारसी ‘गर’ लागून सैकलगर झाले आणि मराठीच्या तोंडी ते शिकलगार बनले. हत्यारांना धार आणि झिलई देणारी ही माणसे. दख्खनचे पोलाद एके काळी इराण आणि अरबस्तानापर्यंत जात असे, आणि हिंदी पोलादाच्या तलवारीला अरबीत ‘मुहन्नद’ असा खास शब्द होता. हजरत खब्बाब (रजि.) मक्केत लोहारकामच करीत. खुद्द फैजपूरलाही हाताच्या कामाचा मान आहे. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्या साध्या साहित्याने तिथली सजावट केली आणि खादी-ग्रामोद्योगाचे प्रदर्शन महात्मा गांधींच्या हस्ते उघडले. अशा गावच्या मुलाने कानस हातात धरली तर त्यात कमीपणा कसला?

आता कामाचे बोलू. सुरी दोन प्रकारे होते : लोखंड तापवून ठोकून, किंवा पट्टी कापून आणि घासून. घरच्या खोलीत दुसरी रीत बरी. पोलाद कोणते घ्यावे, इथे नवशिके फसतात. बांधकामाच्या सळईची सुरी दिसायला छान होते, पण सळईत कार्बन कमी असल्याने तिची धार टिकत नाही. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरच्या गॅरेजांत ट्रकच्या कमानीचे जुने पाटे मिळतात. पोलाद चांगले असते, पण पाटा जाड असतो. तो लोहाराकडून ठोकून पातळ करून घ्यावा लागतो, आणि जुन्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारी चीरही असू शकते. पहिल्या सुरीसाठी कारखान्यातले पॉवर हॅकसॉचे वापरून झालेले ब्लेड घ्यावे. ते साधारण दोन मिलिमीटर जाड असते आणि मुळातच कडक असते. कडेला कानस ओढून पाहावी. चावली नाही, नुसती घसरली, तर ब्लेड कामाचे. आधी पुठ्ठ्यावर आकार कापून हातात धरून पाहावा, मग ग्राइंडरवर तो आकार उतरवावा.

हात बसला की कार्बन पोलादाची नवी पट्टी घ्यावी. आकार द्यायचा, मुठीची भोके पाडायची, पण धार पूर्ण काढायची नाही. कडेला जवळपास एक मिलिमीटर जाडी राहू द्यायची, नाहीतर पुढच्या टप्प्यात पाते वाकते किंवा तडकते. पुढचा टप्पा म्हणजे पाणी देणे. नाव पाणी देणे असले तरी अशा पोलादाला तेलच मानवते, थंड पाण्यात ते तडकण्याची भीती असते. पाते लाल तापवायचे. चुंबक चिकटेनासे झाले की आणखी थोडे तापवून कोमट केलेल्या शेंगदाणा तेलात सरळ उभे बुडवायचे. आता ते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते, पडले तर तुकडे होतील. म्हणून ते पुसून लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास ठेवायचे, निवू द्यायचे, आणि पुन्हा दोन तास ठेवायचे. पात्यावर वाळल्या गवतासारखा पिवळसर रंग आला की ठिसूळपणा गेला. पहिल्या दोन-चार वेळा हे पाणी देण्याचे काम गावच्या लोहाराच्या भट्टीवर, त्याच्या नजरेखाली करावे. घिसाडी बाजाराला आले तर त्यांच्याजवळही बसावे. त्यांच्या हातातले ज्ञान पुस्तकात मिळत नाही.

मुठीला शिसम किंवा बाभळीचे लाकूड चांगले. सुताराकडे उरलेला तुकडा मिळतो. एपॉक्सीने चिकटवून, भोके असतील तर पितळी रिबिटा माराव्यात. धार लावताना पाते दगडावर किती उचलायचे? पाते चार सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून साधारण सव्वा सेंटिमीटर वर राहावी. भाजी-फळाला हा कोन पुरतो, हाडाशी गाठ असेल तर थोडा अधिक उचलावा. कार्बन पोलाद गंजते. लिंबू, चिंच, केळीचा चीक लागला की लगेच धुऊन कोरडे करावे आणि तेलाचा हात फिरवावा.

आता अम्मी-अब्बांनी घालायच्या अटी. चष्म्याशिवाय ग्राइंडर सुरू करायचा नाही. त्याचे संरक्षक कवच काढायचे नाही. सैल बाही, ओढणी, हातमोजे फिरत्या यंत्राजवळ नकोत. धूळ फुप्फुसात जाते, म्हणून तोंडाला मास्क हवा. ठिणग्या उडतात तिथे गॅसची टाकी, कापूस, लाकडाचा भुसा नको. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड तापवायचे नाही, त्याचा धूर विषारी असतो. गाडीचे जळके ऑइलही पाते बुडवायला वापरू नये. तेल पेटले तर पाणी ओतायचे नाही. डब्याचे झाकण जवळच ठेवावे आणि तेच दाबून बसवावे. काम संपले की सुऱ्या कुलपात, आणि लहान भावंडांना खोलीत मज्जाव.

दीनच्या शिकवणीतही पात्याचा अदब आहे. नंगी तलवार कुणाच्या हाती देऊ नये, मशिदीतून बाण घेऊन जाताना टोके मुठीत धरावीत, अशी पैगंबर मुहम्मद (स.) यांची ताकीद हदीसमध्ये आली आहे. जनावर जिबह करताना सुरी नीट धारदार असावी, म्हणजे त्याला कमी यातना होतील, आणि ती त्याच्यासमोर परजू नये, हेही सांगितले आहे. बकरी ईदला कित्येक घरांत बोथट सुऱ्या निघतात, आणि त्याचा त्रास मुक्या जिवाला होतो. ईदच्या आठवडाभर आधी घरच्या आणि शेजारच्या सुऱ्यांना धार लावून देणारा मुलगा मोहल्ल्याच्या उपयोगाचा आहे.

तेव्हा भगिनी, अब्बांना सांगा : नकार देऊ नका, अटी घाला. खोलीचे दार उघडे ठेवायला सांगा आणि आठवड्यातून एकदा स्वतः जाऊन बसा. बापाला दाखवावीशी वाटेल अशीच वस्तू मुलगा मग बनवेल. पहिली सुरी तुमच्या स्वयंपाकघरासाठी मागा. महिनाभर तिने कांदे-टोमॅटो चिरा आणि काय जमले, काय नाही, ते त्याला स्पष्ट सांगा. टोमॅटोची साल न दाबता कापली गेली तर दुसरी सुरी करायला परवानगी द्या. नाही कापली, तर तीच पुन्हा दगडावर घ्यायला लावा.