गोंदण

माझ्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं ती म्हणायची. गेल्या आठवड्यात शाळेत दुसऱ्या महायुद्धाविषयी सांगताना तो हात एकदम डोळ्यांपुढे आला. कारण मी मुलांना रॉबर्ट क्लॅरीची हकिगत सांगत होते आणि त्याच्या हातावर गोंदलेलं होतं ए-५७१४. फूल नाही, पान नाही, नुसता नंबर.

हा पॅरिसचा. १९२६ साली ज्यू कुटुंबात जन्मलेला, चौदा भावंडांतलं शेंडेफळ. बाराव्या वर्षापासून गाऊन पैसे मिळवू लागलेला. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, सप्टेंबर १९४२ मध्ये, त्याला घरच्यांबरोबर धरून नेलं. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. ताटातूट होताना आई त्याला काय म्हणाली असेल? ‘नीट वाग. ते सांगतील तसं कर.’ पोरगा द्वाड, हे तिला ठाऊक होतं ना! मैत्रिणींनो, हे वाचलं तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. जुडी हातातच राहिली.

आईवडील ऑशविट्झला मारले गेले. घरातली बारा माणसं गेली. छावण्यांतून परतला तो हा एकटाच. पॅरिसला आल्यावर कळलं, तीन भावंडं पकडली गेली नव्हती, ती तेवढी जिवंत होती.

तो वाचला कसा? तो स्वतः सांगे, गाण्यामुळे. शिवाय वय कोवळं होतं, तब्येतही बरी होती. बुखेनवाल्डच्या छावणीत एक रविवार आड ॲकॉर्डियनच्या साथीवर तो गायचा. आणि समोर ऐकायला कोण? तर नाझी सैनिकच! त्या गळ्यातून सूर तरी कसा निघाला असेल! एप्रिल १९४५ मध्ये ती छावणी मुक्त झाली.

पुढे १९४९ मध्ये तो अमेरिकेत गेला, नाटकांतून गायला. १९६५ ते १९७१ पर्यंत ‘होगन्स हीरोज’ या टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत त्याने काम केलं. मालिका कशावर, तर जर्मनांच्या कैदेतल्या दोस्त सैनिकांवर! हा त्यातला बुटका फ्रेंच सैनिक, स्वयंपाकात तरबेज. जर्मन अधिकारी झालेले वेर्नर क्लेम्पेरर आणि जॉन बॅनर हेही ज्यू वंशाचेच, हिटलरमुळे देश सोडून आलेले. असल्या विषयावर हसवता तरी कसं येतं, असं मला आधी वाटलं, खोटं कशाला सांगू! त्याचं म्हणणं, सैनिकांची कैद वेगळी आणि आम्हाला ठेवलं ती जागा वेगळी. दोन्हींची गल्लत करू नका.

पण स्वतःच्या त्या दिवसांबद्दल छत्तीस वर्षं अवाक्षर नाही. आपल्या घरांतूनही अशी गप्प माणसं असतात. काही विचारायला जावं, तर ‘जाऊ दे गं’ म्हणून चहाचं आधण ठेवायला उठतात. हा मात्र १९८० साली बोलता झाला. असं काही घडलंच नव्हतं म्हणणारे निघाले होते आणि स्वतः भोगलेली माणसं एकेक करून संपत चालली होती. मग शाळाशाळांतून जाऊन तो मुलांना सगळं सांगू लागला, द्वेष करू नका म्हणून विनवू लागला. नोव्हेंबर २०२२ मध्ये, शहाण्णवाव्या वर्षी, तो वारला.

माझं सांगून झालं तरी वर्ग चिडीचूप. मग मागच्या बाकावरच्या एकीने विचारलं, “बाई, त्यानंतर त्याला गाणं आवडत होतं?” हो, आवडत होतं. जन्मभर गायला.

शनिवारी आमचे चिरंजीव स्काउटच्या शिबिराला निघाले. डबा, स्वेटर, औषधं, सगळं भरून दिलं. रिक्षा सुरू झाली आणि सवयीने ‘नीट वाग रे’ अगदी ओठांवर आलं. ते गिळलं. म्हटलं, “जा, मजा कर. रात्री गाणी म्हणा सगळ्यांनी.”

“आई, तुला बरं नाही का?” म्हणाला.