एपिंगचे व्हिडिओ बोईसरमध्ये कशासाठी फिरवताय?

आपल्या पालघर-बोईसरच्या ग्रुपांवर इंग्लंडमधल्या आंदोलनाचे व्हिडिओ फिरतायत. हॉटेलसमोर झेंडे, घोषणा, पोलिसांची रांग. खाली मराठीत ओळ: 'तिकडे घुसखोरांना हॉटेलात पोसतात, उद्या इथेही तेच होणार.' मग त्याखाली सुरू होतं. परप्रांतीय हाकला, भाडोत्री हाकला, बांगलादेशी हाकला. सगळं एका दमात.

मंडळी, आधी तिथलं प्रकरण समजून घेऊ.

जून 2025 अखेर ब्रिटनमध्ये आश्रय मागणारे सुमारे 32 हजार लोक हॉटेलांत राहत होते. अर्जाचा निकाल लागेपर्यंत निराधार अर्जदाराला छप्पर देणं ही तेव्हा तिथल्या सरकारची जबाबदारी होती. निकाल मात्र महिनोन्महिने रखडतात. तोवर सहसा काम करायची परवानगी नाही. जेवण हॉटेलात आणि हातात आठवड्याला जेमतेम दहा पौंड. मोठा पैसा जातो तो ठेकेदार कंपन्या आणि हॉटेलवाल्यांकडे.

एपिंगच्या हॉटेलात राहणाऱ्या एकाला 14 वर्षांच्या मुलीवरच्या लैंगिक हल्ल्याबद्दल शिक्षा झाली. तिथल्या आईबापांचा राग खरा आहे. गावाला न विचारता माणसं आणून ठेवली, ही तक्रारही रास्त आहे. पण त्या रागाचं पुढे काय होतं, तेही बघा. जुलै 2024 मध्ये साऊथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला. खुनी बोटीतून आलेला आश्रयार्थी आहे, अशी अफवा उठली. तो ब्रिटनमध्येच जन्मलेला आहे हे जाहीर झालं, तरी 4 ऑगस्टला रॉदरहॅममध्ये जमावाने आश्रयार्थ्यांचं हॉटेल पेटवायचा प्रयत्न केला. आत माणसं होती.

हे वाचून आपल्याला काहीच आठवत नाही? 16 एप्रिल 2020, गडचिंचले. लॉकडाऊनमध्ये अफवा उठली की रात्री चोर फिरतायत, मुलं पळवणारे फिरतायत. गाडीतून जाणारे दोन साधू आणि त्यांचा चालक, तिघांना जमावाने पोलिसांसमोर ठार मारलं. ज्या जिल्ह्याने हे पाहिलं, त्याने तरी अनोळखी माणसाबद्दलचा मेसेज पुढे ढकलताना हात आवरायला हवा.

आता आपल्या घरात बघू. तारापूर एमआयडीसीतल्या कामगाराला कुणी हॉटेलात ठेवलंय का? भैयापाडा, खैरापाडा, सरावलीत जाऊन बघा. एका खोलीत पाच-सहा जण, दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला आडवा. भाडं कोण घेतं? आपणच. चाळ आपली, डिपॉझिट आपलं, किराणा दुकानही आपलं. एकही कागद न बघता खोली देणार आणि संध्याकाळी ग्रुपवर 'हाकला' लिहिणार, हा कुठला स्वाभिमान? 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने राहण्याची योग्य सोय करावी, असं साफ लिहिलं होतं. त्यासाठी किती मोर्चे निघाले?

कुणी बेकायदा आलेला असेल तर कागद तपासा, गुन्हा नोंदवा, कोर्टात उभा करा आणि कायद्याने परत पाठवा. यात दुमत नाही. पण ते काम पोलिसांचं आणि कोर्टाचं आहे, ग्रुप अ‍ॅडमिनचं नाही. आणि बिहार, यूपी, ओडिशाचा माणूस तुमच्या-माझ्याइतकाच भारताचा नागरिक आहे. त्याला बांगलादेशीच्या रांगेत उभं करणं हा शुद्ध खोटेपणा आहे.

निर्वासित आपल्याला नवे नाहीत. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत साधारण एक लाख सिंधी लोक येऊन राहिले. तेव्हा आपला पालघरही त्याच ठाणे जिल्ह्यात होता. पत्र्याच्या बराकींत एका कुटुंबाला पडद्याआड एक कोपरा. पण त्यांना कामधंदा करायची मोकळीक होती. कुणी रेल्वेत फेरी केली, कुणी पापड लाटले, कुणी दुकान टाकलं. 1949 मध्ये त्या छावणीचं नाव उल्हासनगर झालं आणि आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला तिथे जातो. ब्रिटनने माणसाला खोलीत बसवून ठेवलं, वर त्याच्या फुकट खाण्यावर राजकारण केलं. फरक इथे आहे.

तेव्हा निवडणुकीत उमेदवार दारात आला की एपिंगचं सोडा, बोईसरचं विचारा. भाडेकरूंची पोलिसांत नोंद का होत नाही? ठेकेदारांची यादी कुणाकडे आहे? एमआयडीसीत कामगारांसाठी वसतिगृह कधी? चाळींना पाणी आणि संडास कोण देणार? याची उत्तरं न देता जो 'बाहेरचे' म्हणून ओरडेल, त्याला तुमच्या ओटीवर बसवू नका.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, फक्त माणसासारखं लिहा.