बंधपत्राने माणूस अडतो, मन नव्हे

तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरावेत, ही एका सरकारी बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरविली. जाहिरात, परीक्षा, मुलाखती असा सारा खटाटोप करून नेमलेला अधिकारी अल्पावधीत निघून गेला, तर सार्वजनिक संस्थेचे नुकसान होते, हा विचार आम्हांस मान्य आहे. परंतु या निर्णयाचा आडोसा घेऊन खाजगी कंपन्या आपल्या गुणी सेवकांच्या पायांत बंधपत्राची बेडी अडकवू लागतील, तर ती घोडचूक ठरेल.

पुण्या-मुंबईच्या संगणक-व्यवसायात राजीनाम्यानंतर नव्वद दिवस काम करावयास लावण्याची प्रथा रूढ आहे. ते तीन महिने मनुष्य खुर्चीवर असतो. चित्त मात्र केव्हाच निघून गेलेले असते. नोकरी सोडल्यावरही प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये, अशी अट घालणाऱ्यांनी तर १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम एकवार वाचावे. उपजीविकेस मज्जाव करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल होय, असे ते कलम सांगते.

मग माणसे टिकावीत कशी? १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झालेल्या एम्प्रेस मिलपुढेही हाच प्रश्न होता. कामगार मनास येईल तेव्हा गैरहजर राहत. केवळ दंडाच्या बडग्याने हे सुधारणार नाही, हे जमशेटजी टाटांनी ओळखले. त्यांनी नियमित येणाऱ्यांस बक्षिसे दिली आणि १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी उभारला. गिरणीच्या कारभारासाठी त्यांनी बेझनजी मेहता यांस रेल्वेच्या नोकरीतून आणले. मेहतांना गिरणीचा अनुभव नव्हता. टाटांनी अंगचे गुण पाहिले आणि त्यांस वाव दिला.

आज आपल्या कचेऱ्यांतून काय दिसते? जो कामाचा, त्याच्याच माथी आणखी काम. जो कामचुकार, त्यास सवलत! बढतीच्या वेळी मात्र साहेबांची मर्जी पाहिली जाते. गुणवंताचा राजीनामा हाती पडताच पगारवाढीची धावपळ सुरू होते. ती वाढ आदल्या वर्षी न्याय्य नव्हती काय? योग्य वेतन हवेच. परंतु वेतन वाढवून अपमानाची भरपाई होत नाही.

मनुष्यबळ विभागांस आमचे एवढेच सांगणे आहे : जाणाऱ्यास कारण विचारण्याआधी राहणाऱ्याची विचारपूस करा. बढतीचे निकष उघड ठेवा. ज्या खात्यातून चांगली माणसे वारंवार जातात, त्या खात्याच्या प्रमुखास जाब विचारा. करारपत्रावर सही घेणे सोपे आहे. सेवकाचा विश्वास मात्र रोजच्या न्याय्य वागणुकीनेच संपादावा लागतो.