देऊळ पडलं, पण मंडळी?

काय मंडळी, हा शब्द किती सहज आपल्या तोंडात येतो, नाही? घरची मंडळी, वऱ्हाडी मंडळी, गप्पा मारायला जमलेली मंडळी. पण शिरूर-दौंडकडच्या तुमच्या ख्रिस्ती मित्रमैत्रिणींना विचारा. त्यांच्या घरी या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. दर रविवारी उपासनेला जमणारी सगळी माणसं म्हणजे 'मंडळी'. आणि ती ज्या इमारतीत जमतात, तिला जुनी माणसं सरळ 'देऊळ' म्हणतात. इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द आहे, चर्च. मराठीत मात्र माणसं वेगळी आणि इमारत वेगळी.

ही वाटणी ध्यानात ठेवा. आजची गोष्ट तिच्याभोवतीच फिरणार आहे.

शिरूरला जुने लोक अजून घोडनदी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचं एक ठाणं इथे होतं. दौंडला १८५८ साली आगगाडी आली आणि पुढे मनमाडचा फाटा निघाला. रेल्वेबरोबर नाना प्रांतांची, नाना धर्मांची माणसंही आली. आपल्या भागात जुनं बांधकाम म्हटलं की आठवतो तो काळा दगड. देऊळ असो, वाडा असो, मशीद असो की चर्च. हातभर जाडीची भिंत पाहिली की वाटतं, हिला काय धाड भरणार आहे?

पण आजी-आजोबांना जरा विचारून पाहा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, तेव्हा पुण्या-मुंबईपर्यंत माणसं दचकून जागी झाली होती. आणि ३० सप्टेंबर १९९३! आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि आसपासची गावं क्षणात ढिगारा झाली. हजारो माणसं गेली. त्यांतली बरीचशी गेली ती घराच्या जाड दगडी भिंतींखाली आणि जड माळवदाखाली. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशावर तो परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता.

म्हणजे जाड भिंत ही काही खात्री नव्हे. मग अशी एखादी जुनी, सगळ्यांच्या जिव्हाळ्याची इमारत भूकंपानं खिळखिळी झाली, तर तिथे जमणाऱ्या मंडळींनी काय करायचं? या प्रश्नाशी गेली कित्येक वर्षं झुंजणारं एक शहर आहे. चला, तिकडे जाऊ.

रिचर्ड हॅडलीच्या गावात

न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च. क्रिकेटवेड्यांना ठाऊक असेल, रिचर्ड हॅडली इथलाच. शहराच्या नावातच चर्च आहे, आणि शहराच्या मधोमध होतं एक मोठं दगडी कॅथीड्रल. कॅथीड्रल म्हणजे बिशपचं, त्या भागातलं मुख्य चर्च. त्याचा मूळ आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाचा. हे गृहस्थ आपल्याही ओळखीचे आहेत बरं का! मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच आराखड्यावरून बांधला.

१८६४ साली कॅथीड्रलचा पायाचा दगड बसवला. १८८१ मध्ये ते उपासनेसाठी खुलं झालं आणि महिन्याभरातच भूकंपाच्या धक्क्यानं मनोऱ्याच्या टोकाचा दगड निखळला. दुरुस्ती झाली. १८८८ मध्ये पुन्हा भूकंप. या वेळी टोकाचा सुमारे ८ मीटरचा भाग कोसळला. पुन्हा दगडानंच बांधला. १९०१ मध्ये तिसरा दणका! आता मात्र माणसं शहाणी झाली. जड दगडाऐवजी लाकडाचं टोक बनवून त्यावर तांब्याचा पत्रा मढवला.

त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं मनोरा उभा राहिला. मग ४ सप्टेंबर २०१० च्या पहाटे ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. कॅथीड्रल त्यातून जवळजवळ सहीसलामत सुटलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण २२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी जमीन पुन्हा हादरली. या भूकंपाची तीव्रता ६ च्या थोडीच वर होती. तरी शहरात १८५ माणसं मृत्युमुखी पडली आणि कॅथीड्रलचा मनोरा कोसळला.

तुम्ही म्हणाल, तीव्रता कमी आणि नुकसान जास्त, हे कसं? सोपं आहे. दूर माळावर तोफ उडाली तर आपण नुसते दचकतो; पण कानाजवळ सुतळी बॉम्ब फुटला तर दडे बसतात. दुसरा भूकंप शहराच्या अगदी जवळ आणि जमिनीखाली फार खोल नसलेल्या जागी झाला होता.

मनोऱ्याच्या ढिगाऱ्याखाली वीसेक माणसं असावीत, अशी सुरुवातीला भीती होती. बचावपथकांनी पुढे ढिगारा शोधला. आत एकही मृतदेह नव्हता. त्या काळ्या दिवसांत शहराला तेवढाच दिलासा मिळाला.

मनोराच का पडतो?

हे करून पाहा. एका फूटपट्टीला तीन दोरे बांधा: एक आखूड, एक मध्यम, एक लांब. प्रत्येकाच्या टोकाला सारख्याच वजनाचा नट बांधा. आता फूटपट्टी आडवी धरून अगदी हळू डावी-उजवीकडे हलवा. लांब दोरा जोरात झोके घेऊ लागेल, आखूड मात्र जवळजवळ तसाच. मग हलवण्याची गती वाढवत न्या. आता आखडू दोऱ्याची पाळी येईल.

इमारतींचंही असंच असतं. उंच मनोरा संथपणे डुलतो, शेजारचं बुटकं सभागृह भराभर हलतं. दोन्ही एकमेकांना चिकटलेली असली की एक इकडे ओढतं, दुसरं तिकडे. मग सांध्याला चीर पडते.

दुसरी गोष्ट दगडाची. दगडावर वरून कितीही भार ठेवा, तो कुरकुरत नाही. पण ओढ त्याला सोसत नाही. विटांची चवड रचा. वरून हातानं दाबा, काही होणार नाही. बाजूनं ढकला, की झाली आडवी!

आणि तिसरी गोष्ट भिंतीच्या पोटातली. किल्लारीच्या घरांच्या भिंती बाहेरून दगडी दिसायच्या. पण दोन्ही बाजूंना दगड आणि मध्ये माती नि बारीक दगडांचा भराव, अशी त्यांची रचना होती. क्राइस्टचर्चच्या कॅथीड्रलच्या भिंतींतही असाच भराव होता. हादरा बसला की दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटतात आणि भिंत फुगून फुटते. उपाय? भिंतीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत जाणारे आरपार दगड अधूनमधून बसवायचे, आणि सगळ्या भिंतींना बांधून ठेवणारा सलग पट्टा फिरवायचा. जुन्या लाकडी पेटीला लोखंडी पट्टी मारतात ना, अगदी तसा.

पुठ्ठ्याचं देऊळ

आता मंडळींकडे येऊ. देऊळ गेलं, पण रविवार तर दर आठवड्याला येणारच! नाताळ येणार, लग्नं ठरलेली, बाळांचे बाप्तिस्मे व्हायचे, आणि एवढी माणसं गेल्यावर एकत्र बसून रडायलाही जागा हवी. मंडळी दुसऱ्यांच्या जागेत जमू लागली. तेवढ्यात जपानचा एक वास्तुविशारद मदतीला आला. त्याचं नाव शिगेरू बान. एक पैसाही न घेता त्यानं आराखडा करून दिला, तो चक्क पुठ्ठ्याच्या नळ्यांच्या देवळाचा!

हसू नका. कापडाच्या दुकानात तागा ज्या नळीवर गुंडाळतात, ती कधी मोडून पाहिलीय? भलतीच चिवट असते. बाननं हा प्रयोग आधीही केला होता. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानच्या कोबे शहरात भूकंप झाला. सहा हजारांवर माणसं गेली. ताकातोरी भागातलं चर्च नंतरच्या आगीत जळून गेलं. तिथल्या मंडळीत व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेली कुटुंबंही होती. बाननं कागदाच्या चर्चची कल्पना मांडली, तेव्हा तिथल्या धर्मगुरूंना ती काही पटेना. आगीत सगळं गेलंय, आणि हा म्हणतो कागदाचं बांधू! पण बाननं पिच्छा सोडला नाही. अखेर ५ मीटर लांबीच्या ५८ नळ्या अंडाकृती उभ्या करून स्वयंसेवकांनी पाच आठवड्यांत देऊळ उभं केलं.

ते तात्पुरतं देऊळ दहा वर्षं टिकलं. २००५ मध्ये ते उतरवलं, पण मोडीत काढलं नाही. तैवानमध्ये १९९९ साली मोठा भूकंप झाला होता. तिथल्या ताओमी गावाला ते भेट म्हणून पाठवलं आणि २००८ मध्ये तिथे पुन्हा उभं राहिलं. एका भूकंपग्रस्त वस्तीची आठवण दुसऱ्या भूकंपग्रस्त गावानं सांभाळली.

क्राइस्टचर्चचं पुठ्ठ्याचं कॅथीड्रल २०१३ च्या ऑगस्टमध्ये खुलं झालं. सुमारे ७०० माणसं बसतील एवढं मोठं. पुठ्ठ्याच्या नळ्यांना आतून लाकडाचा आधार दिलेला, आणि बाजूच्या भिंती मालवाहू जहाजांवरच्या आठ लोखंडी पेट्यांच्या. जागाही अशी, की जिथलं जुनं चर्च भूकंपानंतर पाडावं लागलं होतं. पुढच्याच वर्षी बानला प्रिट्झकर पारितोषिक मिळालं. वास्तुकलेतला हा सर्वांत मोठा मान.

पाडायचं की वाचवायचं?

इथवर गोष्ट गोड आहे. पण पुढे भांडण लागलं. २०११ च्या जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये आणखी धक्के बसले, जुनं कॅथीड्रल आणखी खचलं. २०१२ मध्ये बिशपनी जाहीर केलं, की इमारत बरीचशी उतरवून टाकू. इतका खर्च दगडांवर करण्यापेक्षा नवं, सुरक्षित चर्च बांधावं. पैसा माणसांसाठी वापरावा. शहरातल्या कितीतरी लोकांना हे पटलं नाही. ते म्हणाले, ही इमारत एकट्या चर्चची नाही, आमच्या सगळ्या शहराची ओळख आहे. आधीच अर्धं शहर भुईसपाट झालंय, आता हेही पुसून टाकायचं?

प्रकरण कोर्टात गेलं. वर्षं गेली. पडक्या भिंतींत कबुतरं राहू लागली. अखेर सप्टेंबर २०१७ मध्ये चर्चच्या सभेनं मतदान घेतलं आणि बहुमतानं ठरलं, जुनं कॅथीड्रल पुन्हा उभं करायचं. तेव्हा खर्चाचा अंदाज होता १० कोटी ४० लाख न्यूझीलंड डॉलर. काम सुरू झालं, भिंतींना आधार मिळाला. पण खर्चाचा आकडा फुगतच गेला. २०२४ मध्ये तो २५ कोटींच्या आसपास पोचला. पैसे पुरेनात, म्हणून त्या ऑगस्टमध्ये काम थांबवायचं ठरलं.

तात्पुरतं म्हणून बांधलेल्या पुठ्ठ्याच्या देवळानं मात्र दहा वर्षं केव्हाच ओलांडली!

आपल्या देशातलंही एक उदाहरण सांगतो. कोलकात्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा उंच निमुळता मनोरा १८९७ च्या भूकंपात दुखावला, दुरुस्त झाला, आणि १९३४ च्या भूकंपात कोसळला. तिथल्या लोकांनी जुनं टोक जसंच्या तसं पुन्हा चढवलं नाही. इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या मनोऱ्याच्या धर्तीवर वेगळा, चौकोनी मनोरा बांधला. बाकीचं कॅथीड्रल जुनंच राहिलं. म्हणजे मधला मार्गही असतो.

आणि आपल्या किल्लारीला? पन्नासाहून अधिक गावं नव्यानं वसवावी लागली. नवी घरं मजबूत होती. पण पार, गल्ली, शेजार असं कितीतरी जुन्या जागी राहून गेलं. ते काही सिमेंटबरोबर ट्रकमधून आणता येत नाही. म्हणून जुन्या दगडांसाठी हळहळणाऱ्या माणसाला वेडा म्हणू नका. आणि 'आधी माणसांचं बघा' म्हणणाऱ्याला दगडाच्या काळजाचाही म्हणू नका. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच तर निर्णय इतका अवघड!

तुमच्यासाठी काम

या आठवड्यात घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि गावातली एखादी जुनी इमारत बाहेरूनच नीट पाहा. चर्च, देऊळ, मशीद, शाळा, काहीही चालेल. भिंतीला चीर आहे का? कुठे फुगवटा आलाय का? फटीतून पिंपळ उगवलाय का? चारही बाजूंनी फोटो काढा, चित्र काढा, लांबी-रुंदी पावलांनी मोजा आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा. पडक्या भागात शिरायचं नाही, वर चढायचं तर मुळीच नाही! चीर मोठी वाटली, तर इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्यांना सांगा. पुढे कधी दुरुस्तीची वेळ आली, तर तुमची ही वही उपयोगी पडेल. मंडळीची जुनी नोंदवही असेल, तर तिची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवायला मोठ्यांना सुचवा. जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, सगळं तिच्यात असतं. भिंत पुन्हा बांधता येते, हरवलेलं पान पुन्हा लिहिता येत नाही.

आणि रात्री जेवताना घरात एक प्रश्न टाका. तुम्ही क्राइस्टचर्चच्या त्या सभेत असता, तर कुणाच्या बाजूनं हात वर केला असता? आई एक म्हणेल, बाबा दुसरं, आजी तिसरंच. भांडा खुशाल, पण प्रत्येकाचं म्हणणं पुरतं ऐकून घ्या. तिथे तर त्या एका मतापर्यंत पोचायला साडेसहा वर्षं लागली. आणि त्या साडेसहा वर्षांत एकही रविवार मंडळीवाचून गेला नाही.