नवा लॅपटॉप घेऊ का?

गिरगावातला मामा असो की लालबागची मावशी, सगळ्यांचा प्रश्न एकच: "अरे, विंडोज १० बंद झालं म्हणे, नवा लॅपटॉप घेऊ का?"

मंडळी, जरा थांबा! १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. मशीन चालतंच, पण नवी भोकं बुजत नाहीत. म्हणून त्यावर बँकेचे व्यवहार नकोत.

प्रोसेसर साधारण २०१८ नंतरचा असेल तर विंडोज ११ बहुधा फुकटात चढतं. टीपीएम बायॉसमध्ये बंद असेल तर चालू करा. जुनाच असेल तर लॅमिंग्टन रोडवरून एसएसडी टाकून घ्या आणि लिनक्स चढवा. मेल, ब्राउझर, नाटकाची तिकिटं, सगळं होतं.

धडधाकट मशीन केवळ एका तारखेपायी भंगारात घालणं मला तरी पटत नाही. तुम्हाला?